लूप २ मिमीत जुळतोय, तरी दुसऱ्या मशीनशी २६ मिमीचा फरक कसा काय?

गुहागर_साईट

नमस्कार मंडळी. डिप्लोमा सिव्हिल झालंय, साईटवर दुसरं वर्ष चालू आहे. काम गुहागर तालुक्यात, खाली डांबरी रस्ता, वर सड्याच्या (कातळी पठाराच्या) टोकाला इमारत आणि मधे सगळा उतार. खाली पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) मोरीच्या कठड्यावर टीबीएम (साईटपुरती उंचीची खूण) केलाय, आर.एल. (उंचीचा आकडा) १०० धरलाय. तिथून ऑटो लेव्हलने (आडव्या नजरेने उंची मोजायची दुर्बीण) ८ सेटअप घेत, म्हणजे ८ ठिकाणी मशीन लावत, वर चढलो, चढ साधारण २४ मीटर. मग त्याच वाटेने परत खाली येऊन लूप बंद केला तर फरक फक्त २ मिमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं, तेव्हाही १ मिमी. म्हटलं झालं काम.

आता अडचण अशी की वर ड्रेनेजचं शेवटचं चेंबर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने बांधलंय, त्याने पण आमच्याच टीबीएमवरून लेव्हल नेलीय. त्या चेंबरचा इन्व्हर्ट (आतला तळ) मी माझ्या मशीनने बघितला तर त्याने दिलेल्या आर.एल. पेक्षा २६ मिमी वर लागतो. आमची लाईन ३९ मीटर आहे, ३०० ला १ उतार, म्हणजे मुळात १३० मिमीच हातात आहेत आणि त्यातले २६ गेले तर पाचवा हिस्सा गेला, पाणी तुंबणार. तो म्हणतो माझी लेव्हल बरोबर, मी म्हणतो माझा लूप जुळलाय.

मशीन २४ एक्सचं आहे. पावसाळाभर पेटीत साईटच्या स्टोअरमधे होतं, दसऱ्यानंतर काढलं. साईटवर बाईकवरून मागे बांधून नेतो, रस्ता कसा आहे ते सांगायला नको. बबल मात्र एकदम ओके, मशीन १८० अंश फिरवलं तरी गोलातच राहतो. भांडायला जायच्या आधी आपलं मशीन खात्रीने नीट आहे हे कसं तपासायचं ते कोणीतरी नीट सांगा प्लीज.

सड्यावरचा

लूप दोनदा जुळलाय म्हणजे तुझं मशीन ओके वाटतं, त्याचं तपासायला सांग. तरी काही गोष्टी बघून घे. पहिलं पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की रीडिंग हलणं. आयपीस आकाशाकडे नाहीतर समोर पांढरा कागद धरून फिरव, क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या बारीक रेघा) काळेकुळकुळीत दिसले पाहिजेत, मग स्टाफ (आकडे छापलेली उभी पट्टी) फोकस कर आणि डोळा जरा वरखाली कर, रीडिंग हललं तर अजून फोकस झालेला नाही. हे दर माणसाला वेगळं असतं त्यामुळे दुसऱ्याने डोळा लावला की आयपीस परत सेट करायचा, आमच्याकडे हे कोणीच करत नाही.

दुसरं म्हणजे कातळावर ट्रायपॉड. मातीत पाय दाबता येतो, कातळावर टोक सरकतं, तेव्हा भेग किंवा खळगा बघून त्यात टोक बसव आणि उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वरच्या. पायांचे नट पण बघ, सैल झाले की डोकं फिरतं आणि कळत नाही.

आणि ऊन. सड्यावर ११ नंतर कातळ तापला की स्टाफवरचे आकडे नाचायला लागतात. जमिनीपासून अर्धा मीटरच्या खालचं रीडिंग घेऊच नको, मी तर सकाळी ७ ते १० एवढंच लेव्हलचं काम ठेवतो.

लेव्हलबुक

सड्यावरच्याने सांगितलेलं सगळं बरोबर आहे, पण पहिल्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि तेच नीट समजून घ्या कारण आपल्या कोकणात डोंगरउतारावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं. उतारावर एकाच वाटेने वर जाऊन त्याच वाटेने खाली आलात तर मशीन बिघडलेलं असूनही लूप जुळतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

कसं ते सांगतो. चढताना तुम्ही मशीन लावता, मागचा स्टाफ खाली असतो, ४ मीटरचा स्टाफ त्यामुळे साडेतीनपर्यंत वाचता येतं, म्हणून बॅकसाईट (मागच्या स्टाफचं रीडिंग) लांब जाते. पुढचा स्टाफ वर असतो, मशीनची उंचीच दीड मीटर, त्यामुळे थोडं पुढे गेलं की स्टाफचा बुंधा येतो, म्हणून फोरसाईट (पुढच्या स्टाफचं रीडिंग) आखूड. दर सेटअपला असंच, बॅकसाईट लांब आणि फोरसाईट आखूड. आता नजरेची रेघ जर आडवी नसून जरा वर चढत असेल तर लांबच्या रीडिंगमधे चूक जास्त, जवळच्यात कमी, आणि ती वजा होत नाही, दर सेटअपला थोडी थोडी साठते. उतरताना बरोबर उलटं, बॅकसाईट आखूड, फोरसाईट लांब, तेवढीच चूक उलट्या चिन्हाने येते. वर जाताना २४ मीटरवर जेवढं जास्त आलं तेवढंच खाली येताना जास्त आलं. खाली पोचलात की शून्य. लूप जुळला, पण वरचा पॉइंट चुकलेलाच राहिला. दहा वेळा केलंत तरी तेच येणार.

आणि बबलवर विसंबू नका. बबल गोलात आला म्हणजे मशीन ढोबळमानाने उभं राहिलं एवढंच, बाकीचं काम आत लटकलेला, रेघ आपोआप आडवी धरणारा कॉम्पेन्सेटर करतो. १९५० साली झाइस कंपनीने एनआय २ हे ऑटो लेव्हल आणलं तेव्हापासून ही सोय आहे, त्याआधी डम्पीवर (जुन्या पद्धतीच्या लेव्हलवर) दर रीडिंगला लांब बबल बघायला लागायचा. पण क्रॉसहेअरची काचच धक्क्याने जागची सरकली असेल तर कॉम्पेन्सेटर ती चुकीची रेघसुद्धा इमानेइतबारे धरून ठेवतो. बबल कितीही छान असला तरी हे कळत नाही. ते कळायला एकच उपाय, टू पेग टेस्ट, म्हणजे दोन खुंट्यांची टेस्ट.

त्याआधी कॉम्पेन्सेटर मोकळा आहे ना ते बघा. स्टाफवर नजर ठेवून ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारा, रेघ झुलून परत त्याच मिलिमीटरवर आली पाहिजे. मग स्टाफच्या दिशेतला फूट स्क्रू (मशीनच्या बुडाचा, बबल आणायचा स्क्रू) अगदी किंचित फिरवा, बबल गोलाबाहेर जाऊ द्यायचा नाही, रीडिंग तेच राहिलं पाहिजे. अडकत अडकत आली किंवा दर वेळी वेगळं आलं तर पुढची टेस्ट करूच नका, ते सर्व्हिसचं काम आहे, क्रॉसहेअर फिरवून ते सुटत नाही.

आता टेस्ट. शाळेचं मैदान नाहीतर सड्यावरची सपाट जागा बघा. ६० मीटर टेपने मोजून दोन टोकांना ए आणि बी. मातीत असेल तर खुंटी ठोका, जांभ्यात असेल तर गोल डोक्याचा खिळा, म्हणजे स्टाफ दर वेळी एकाच टोकावर बसेल. पहिल्यांदा मशीन बरोब्बर मधे, दोन्हीकडून ३० मीटर, हे पण टेपने, पावलांनी नको. ए आणि बी दोन्ही वाचा. मधे असताना रेघ तिरकी असली तरी दोन्हीकडे चूक सारखीच, वजाबाकीत उडून जाते, म्हणजे हा फरक खरा. मग मशीन उचलून ए च्या मागे, बी पासून लांबच्या बाजूला, २ मीटरवर लावा आणि परत दोन्ही वाचा. फरक तोच आला तर मशीन ठीक. ६० मीटरला ३ मिमीच्या आत असेल तर साध्या बांधकामाला मी हात लावत नाही. पृथ्वीच्या गोलाईची काळजी नको, ६० मीटरला ती अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

दोन्ही वेळा स्टाफ एकच, धरणारा माणूस एकच आणि मशीन पेटीतून काढल्यावर १५-२० मिनिटं सावलीत राहू द्या, लगेच वाचू नका. टेस्ट दोनदा करा आणि रीडिंग इथे टाका. तुमच्या बुकात वरचे खालचे स्टेडियाचे केस (मधल्या रेघेच्या वर आणि खाली दिसणाऱ्या दोन छोट्या रेघांची रीडिंग, त्यावरून अंतर निघतं) लिहिलेत का तेही सांगा, लिहिले असतील तर फार बरं.

गुहागर_साईट

काका खूप आभार, लूपचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, कॉलेजमधे पण क्लोजिंग एरर बघा एवढंच शिकवलं होतं.

आज सकाळी शाळेच्या ग्राउंडवर केलं. टिचकी मारून बघितलं, रेघ झुलते आणि परत जागेवर येते, फूट स्क्रू फिरवूनही रीडिंग तेच. मग टेस्ट.

मधून: ए १.४८२, बी १.२३७
ए च्या मागून २ मीटरवरून: ए १.५२०, बी १.२८८

दुसऱ्यांदा केलं तेव्हाही हेच, बी ला फक्त १ मिमी इकडेतिकडे. म्हणजे पहिला फरक ०.२४५ आणि दुसरा ०.२३२, बरोबर ना? १३ मिमी! आणि हो, तिन्ही केस लिहिलेत, सरांनी पहिल्या दिवशीच सवय लावली होती.

लेव्हलबुक

सवय लावणाऱ्या सरांना नमस्कार सांगा माझा.

०.२४५ खरा, ०.२३२ दिसतोय. ए जवळ आहे म्हणून १.५२० जवळपास बरोबर धरू, मग बी ला १.२७५ यायला हवं होतं, आलं १.२८८. लांबचं रीडिंग मोठं आलं म्हणजे तुमची रेघ वर चढतेय, ६० मीटरला १३ मिमी.

आता बुक काढा. दर रीडिंगचा वरचा केस वजा खालचा केस गुणिले १००, हे अंतर. वर जातानाच्या ८ सेटअपच्या सगळ्या बॅकसाईटची अंतरं एका बाजूला मांडा, फोरसाईटची दुसऱ्या बाजूला, बेरजा करा आणि सांगा.

गुहागर_साईट

बॅकसाईट बेरीज २३६ मीटर, फोरसाईट ११८.

लेव्हलबुक

फरक ११८ मीटर. ११८ गुणिले १३ भागिले ६०, म्हणजे २५.६ मिमी. तुमचे २६ मिमी इथे आहेत. रेघ वर चढणारी, लांबच्या बॅकसाईटमधे जास्त भर पडली, म्हणून तुमचा चढ खऱ्यापेक्षा २६ ने जास्त आला आणि चेंबर तुम्हाला वर दिसलं. समोरच्याचं चेंबर बहुतेक बरोबर आहे. तरी त्याचं मशीनही त्याच दोन खिळ्यांवर तपासा, एकाचंच तपासून निकाल देऊ नये.

आता दुरुस्ती. मशीन हलवू नका, ए च्या मागे आहे तिथेच. आयपीसच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा झाकण असतं, ते काढलं की आत अॅडजस्टमेंटचा स्क्रू दिसेल, अॅलन की लागते, पेटीत मशीनबरोबर आलेली असते, सगळे हरवतात. बी वर स्टाफ सरळ उभा, तुम्ही डोळा लावा आणि स्क्रू अगदी थोडा फिरवा, एक आठवा हिस्सा सुद्धा खूप होतो. आडवी रेघ १.२७५ वर आली की थांबा. ओढून ताणून बसवू नका, घट्ट वाटला की सोडून द्या आणि सर्व्हिसला न्या. मग झाकण लावा आणि टेस्ट सुरुवातीपासून परत करा, मधून आणि टोकावरून दोन्ही. नुसतं टोकावरून बघून समाधान मानू नका. मशीन वॉरंटीत असेल किंवा स्क्रूवर सील असेल तर हात लावू नका, आधी ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारा.

९० च्या दशकात मी कोकण रेल्वेच्या सर्व्हेवर होतो. १५० ला १ पेक्षा जास्त चढ द्यायचा नाही आणि मधे दऱ्या, खाड्या, बोगदे, तिथे दर सोमवारी सकाळी कामाला लागायच्या आधी दोन खुंट्यांची टेस्ट आणि ती लेव्हल बुकाच्या पहिल्या पानावर तारखेनिशी. अर्धा तास जायचा. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा मला त्या पानांचीच आठवण आली. तुम्हीही तसं पान ठेवा, उद्या कोणी प्रश्न विचारला की तेच पान पुढे करायचं.

मालवण_सर्व्हे

काकांनी मशीनचं सगळं सांगितलं, मी स्टाफचं सांगते, कारण हीच गंमत स्टाफमधे पण होते आणि ती पण लूपमधे सापडत नाही.

आपल्याकडचे अॅल्युमिनियमचे सरकवायचे स्टाफ, बटण दाबून कप्पे वर ओढायचे. खारी हवा, वाळू, वर्षभर वापर, ते बटण आणि भोक झिजतं आणि वरचा कप्पा १-२ मिमी खाली बसतो. चढताना बॅकसाईट नेहमी वरच्या कप्प्यात वाचली जाते आणि फोरसाईट खालच्या, म्हणजे दर सेटअपला तेवढी चूक त्याच दिशेला. ८ सेटअपला १ मिमी धरला तरी ८ मिमी. स्टाफ आडवा टाका, पूर्ण उघडा, स्टीलची टेप लावून जोडाच्या थोडं खालून थोडं वरपर्यंत मोजा, छापलेल्या आकड्यांशी जुळतं का ते लगेच कळतं. टेस्टमधे सगळी रीडिंग दीडच्या आसपास येतात, त्यामुळे टू पेगमधे हे कळणारच नाही.

आणि स्टाफ कलणं. साडेतीन मीटरवर स्टाफ फक्त ३ अंश कलला तर रीडिंग जवळजवळ ५ मिमी जास्त येतं, एक मीटरवर मात्र दीड मिमीसुद्धा नाही. परत तेच, लांबचं जास्त चुकतं. स्टाफच्या मागे गोल बबल असेल तर तो पण ओळंब्याशी ताडून बघा. नसेल तर धरणाऱ्याला सांगा स्टाफ तुमच्याकडे आणि मागे हळूहळू झुलव, सगळ्यात कमी रीडिंग येतं ते खरं. आमचा एक जुना मुकादम नवीन पोराला स्टाफ देताना एकच वाक्य बोलायचा, "तू हललस तर घर हललां." आमच्याकडे खाडीकाठी वारा सुटला की खरंच दोघांनी स्टाफ धरायला लागतो.

अजून एक, पावसाळ्यात पेटी बंद ठेवलीत ते बरोबर नाही. दमट हवेत बंद पेटीत लेन्सला बुरशी धरते आणि एकदा आतून धरली की पुसून जात नाही. पावसात भिजलं तर आधी सुक्या सुती कापडाने पुसा, रात्रभर पेटी उघडी ठेवून घरात वाळू द्या, मगच बंद करा. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, निळ्याची गुलाबी झाली की ओलावा भरला, मंद आचेवर गरम केली की परत निळी होते, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, तो रंग पोटात जायचा नाही. पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कोरड्या दिवशी मशीन बाहेर काढून ठेवत जा.

बाईकचं तर ऐकूनच कसंतरी झालं. मागे बांधू नका हो. पाठीला सॅक, त्यात पेटी, म्हणजे धक्का तुमच्या अंगात जिरतो. एसटीतून पण मांडीवर घेऊन बसायचं, डिकीत नाही.

सड्यावरचा

काका बरोबर, मी चुकीचं बोललो होतो. मी पण उद्या दोन खिळे ठोकतोय. एक विचारायचं होतं, उतारावर बॅकसाईट फोरसाईट सारखी ठेवणार कशी? जागाच नसते.

लेव्हलबुक

मशीन दोन स्टाफच्या रेघेत असायलाच हवं असं कुठे आहे? बाजूला सरका. चढाला आडवं जाऊन नागमोडी घ्या, कधी डावीकडे कधी उजवीकडे, मग दोन्ही अंतरं सारखी करता येतात. आणि लांब बॅकसाईटचा मोह सोडा, सेटअप वाढतात पण हरकत नाही. पावलं मोजली तरी चालेल, २-३ मीटर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, दुप्पट झालं तर बिघडतं. सारखी अंतरं ठेवलीत तर मशीनमधे उरलेली थोडी चूक असली तरी ती आपोआप उडते, टू पेगमधे मधून वाचताना उडते तशीच.

गुहागर_साईट

अपडेट देतोय, उशीर झाला.

झाकणाखालचा स्क्रू फिरवला. पहिल्यांदा हात इतका थरथरत होता की रेघ १.२७५ च्या खाली १.२६९ वर गेली, मग परत आणली. त्यानंतर टेस्ट पूर्ण पुन्हा केली, मधून ०.२४५ तोच आला आणि टोकावरून ०.२४४, म्हणजे १ मिमी. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करून सांगितलं की चूक माझ्या मशीनची होती आणि तुमचं पण एकदा बघूया, तो स्वतः मशीन घेऊन ग्राउंडवर आला. त्याचं २ मिमी निघालं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे स्टाफ मोजला, पहिला जोड ठीक पण दुसऱ्याला १ मिमी कमी भरतो, म्हणून वरचा कप्पा न उघडताच काम केलं. काल सकाळी साडेसहाला सुरू करून नागमोडी घेत १३ सेटअपमधे वर पोचलो, बॅकसाईट बेरीज २०१, फोरसाईट १९७. चेंबरचा इन्व्हर्ट त्याच्या आर.एल. शी ३ मिमीत आला. ३९ मीटरची लाईन तशीच ठेवतोय, आज पाईपखालचं पीसीसी (साधं काँक्रीट) टाकायला घेतलं.

लेव्हल बुकाच्या पहिल्या पानावर तारीख आणि चारही रीडिंग लिहिलीत. ग्राउंडच्या कडेला ते दोन खिळे पण तसेच ठेवलेत, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, फक्त मुलांच्या पायाला लागू नयेत म्हणून वर चिरा ठेवायला सांगितलाय.